खाडीत मासेमारीसाठी सिट-ऑन-टॉप कयाक: १० फुटी वल्ह्याची घेऊ की १२ फुटी पेडलवाली?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी, चिपळूणला असतो. गोवळकोट धक्क्यापासून खाली दाभोळ खाडीत जिताडा आणि तांबोशी या माशांच्या मागे असतो, आतापर्यंत काठावरून नाहीतर मित्राच्या होडीतून, आता स्वतःची कयाक घ्यायचीच आहे. सिट-इन, म्हणजे आत पाय घालून बसायची, नको, वर बसायची सिट-ऑन-टॉपच हवी हे पक्कं आहे. पुण्यात एकाकडे दोन सेकंडहँड आहेत. एक १० फुटी, ३४ इंच रुंद, वल्ह्याची, फ्रेमवाली उंच सीट, वजन ३० किलोच्या आत. दुसरी १२ फुटी, पेडलची, खाली पंखा फिरतो तसली, मागे रडर (सुकाणू), सामान अडकवायला ट्रॅक, मासे दाखवणाऱ्या फिशफाइंडरला जागा, सगळा थाट, पण वजन ४५ च्या वर. विकणारा म्हणतो डोळे मिटून १२ फुटी घ्या, आता तो म्हणणारच. माझी गाडी जुनी वॅगनआर आणि बहुतेक वेळा एकटाच असतो. उभं राहून कास्ट करता (गळ दूर फेकता) आलं तर सोन्याहून पिवळं. काय करू?

गळटाक्या
फीचर राहू देत बाजूला, आधी हे सांगा की सुकती (ओहोटी) लागल्यावर धक्क्यापासून पाण्यापर्यंत किती चिखल असतो. ४५ किलो कयाक, वर बॅटरी, रॉड, डबा, पाणी, असं ६० किलोचं धूड एकटा माणूस गुडघाभर चिखलातून ओढणार का? दोनदा ओढाल, तिसऱ्यांदा कयाक अंगणात आणि तुम्ही परत मित्राच्या होडीत. शिवाय वॅगनआर स्वतःच जेमतेम १२ फुटांची, टपावर कयाक बसेल हो, पण चढवणार कोण.

आता पाण्यातलं. लांबीने वेग वाढतो हे खरं, पण किती ते बघा. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, नॉटमध्ये ढोबळ कमाल वेग येतो. १० फुटाला ४.२, १२ फुटाला ४.६. कागदावर किरकोळ वाटतं, पण तो फरक कमाल वेगात नाही जाणवत, दमण्यात जाणवतो. तोंडाशी सुकतीची ओढ दोन नॉटच्या वर गेली आणि समोरून दुपारचा खारा वारा लागला की १० फुटी रुंद कयाक वल्हवताना माणूस जागच्या जागी घाम गाळतो. तेव्हा तुम्ही गोवळकोटच्या आसपासच्या फाट्यांमध्ये फिरणार असाल तर १० फुटी पुरे, दाभोळ-अंजनवेलच्या तोंडाकडे जायची हौस असेल तर ती नको.

बुडाचा आकार बघितलात का? कोणी सांगत नाही ते हेच. सपाट बूड शांत पाण्यात खाटेसारखं स्थिर वाटतं, पण आडवी लाट आली की लाटेबरोबर कलतं, आणि एका मर्यादेपुढे गेलं की सांगून उलटत नाही. थोडं गोलसर किंवा मध्ये कणा असलेलं बूड बसल्या बसल्या डुगडुगतं, नवशिक्याला वाटतं गेलो आता, पण कललं तरी धरून राहतं. दोन्ही बाजूंना फुगीर आणि मध्ये खाच असं बोगद्यासारखं बूड असेल तर उभं राहायला उत्तम, वल्हवायला जड. उंच सीटचंही तसंच, पाठ सुखात राहते, दूरचं दिसतं, पण वजन वर जातं. सीट खाली-वर करायची सोय आहे का ते विचारा.

मगरमिठी
वाशिष्ठीत मगरी आहेत एवढं लक्षात ठेवून पाय बाहेर सोडून बसा. बाकी चालू द्या 😄

ह्यूस्टनकर
मूळचा गुहागरचा, सध्या टेक्सासात. इथे गॅल्व्हेस्टन बेमध्ये निम्मे लोक पेडलवाले, म्हणून थोडं दुसऱ्या बाजूने. मासेमारीत पेडलचा खरा फायदा वेग नाही, हात मोकळे राहतात हा आहे. वारा ढकलतोय, समोर खारफुटीचं मूळ आहे, तिथेच लूर (नकली आमिष) टाकायचाय, अशा वेळी वल्हं उचल-रॉड ठेव करण्यात मासा निघून जातो. पंख्यावाल्यात उलटं पेडल मारलं की कयाक लगेच मागे, म्हणजे लागलेला मासा मुळांत घुसायच्या आत त्याला बाहेर खेचता येतं. तांबोशीला याची किंमत काय ते तुम्हाला सांगायला नको.

पण पंख्याला फूट-दीड फूट पाणी लागतंच. हॉबी कंपनीची मिरेज ड्राइव्ह ही पेडलची यंत्रणा (१९९७ पासून आहे) पंख्याऐवजी दोन परांनी चालते, एक पाय पूर्ण पुढे दाबला की पर बुडाला चिकटतात आणि उथळातून निघता येतं. पंखा मात्र वर उचलून घ्यावा लागतो. इथे ऑयस्टरचे खडक आहेत, तुमच्याकडे कालवं आहेत, दोन्ही पंख्याची पाती सारखीच खातात. आणि तुमच्या खाडीत एक जास्तीची भानगड, जाळी. तुटक्या जाळ्याचा नायलॉन दांड्याला गुंडाळला की मधल्या पाण्यात ड्राइव्ह वर काढून सुरीने कापत बसायचं. वल्हं तरीही सोबत हवंच. स्पेअर इथे आठवड्यात घरी येतात, तुम्हाला कुठून मिळणार ते आधी ठरवा.

वाशिष्ठीकाठ
धन्यवाद. गळटाक्या, धक्क्याला भरतीला काही नाही, पण सुकतीला चांगला २०-२५ पावलं चिखल. मगरमिठी, आभारी आहे, झोप उडाली. म्हणजे १० फुटीच ना? आणि उभं राहायचं काय?

गळटाक्या
हो, तुमच्या वापराला १० फुटीच. ३४ इंचात मध्यम बांध्याचा माणूस शांत पाण्यात उभा राहू शकतो, पण आधी काठाला कमरेभर पाण्यात जाकीट घालून मुद्दाम पडून बघा आणि परत चढून बघा. सिट-ऑन-टॉपचं सगळं सुख त्यात आहे, पाणी भोकांतून आपोआप जातं, उपसत बसावं लागत नाही, पोटावर आडवं पडून वर सरकायचं आणि फिरून बसायचं. हे जमत नसेल तर उभं राहू नका. आणि मगरीचं कारण आहेच, तेव्हा सराव धरणावर किंवा जिथे मगर नाही तिथे करा.

ह्यूस्टनकर
+१. फक्त घेण्याआधी उलटी करून पाणी जायची भोकं नीट बघा. बरेच जण ट्रॉलीच्या दांड्या त्या भोकांत घालून कयाक ओढतात, सगळा भार त्या नळ्यांवर येतो आणि कडेला केसासारखी चीर पडते. वरून दिसत नाही. हॅच (वरचं झाकण) उघडून आत दोन बादल्या पाणी ओता, कयाक दोन स्टुलांवर ठेवा आणि खाली कुठे थेंब येतो का बघा. चीर निघाली तर एम-सील वगैरे लावून दिलेली घेऊ नका, पॉलिथिलीनला ते धरतच नाही, प्लास्टिक वेल्डिंगच लागतं. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे काही जण करून देतात, कारण टाकी आणि कयाक दोन्ही साच्यात फिरवूनच बनतात.

गळटाक्या
बुडाला हात फिरवून खड्डे आहेत का तेही बघा. उन्हात पट्टे आवळून ठेवली की बूड आत दबतं. थोडं असेल तर उन्हात उलटी ठेवल्यावर बऱ्यापैकी परत येतं, त्यावरून भाव पाडा.