सहमती ९२.५ टक्के, तरी कप्पा ०.३६ : संशोधनाच्या बातम्यांचे कोडिंग (मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव)

बातमीमागे

नमस्कार. मराठी दैनिकांतल्या वैज्ञानिक संशोधनाच्या बातम्यांचे आशय-विश्लेषण (ठरलेल्या नियमांनी मजकुराचे वर्गीकरण) चालू आहे. विषय दोनच : रसायनशास्त्र आणि गणित. त्यातल्या एका व्हेरिएबलवर (नोंदवायच्या बाबीवर) गाडी अडली आहे : 'संशोधनाच्या मर्यादा बातमीत सांगितल्या आहेत का?' हो = १, नाही = ०.

रसायनशास्त्राच्या ८० बातम्या दोन कोडरांनी (बातम्या वाचून कोड देणाऱ्यांनी) एकमेकांशी न बोलता कोड केल्या. हिशेब असा :

दोघांचेही 'हो' – २
फक्त पहिल्याचे 'हो' – ४
फक्त दुसऱ्याचे 'हो' – २
दोघांचेही 'नाही' – ७२

८० पैकी ७४ ठिकाणी एकमत, म्हणजे ९२.५ टक्के. पण कोहेनचा कप्पा (योगायोगाने जुळलेली उत्तरे वगळून मोजलेली सहमती; १ म्हणजे पूर्ण) ०.३६. गाईडच्या मते ०.७ च्या खाली प्रकरण पुढे सरकणार नाही.

१. एवढी सहमती असताना कप्पा इतका खाली कसा?
२. ग्वेटचा एसी-१ (सहमतीचेच दुसरे माप) काढला तर ०.९१५ येतो. तोच दिला तर चालेल का?
३. गणिताच्या २० बातम्यांना दोघांनीही 'लागू नाही' (कोड ९) दिले आहे. त्या मिसळून क्रिपेनडॉर्फचा आल्फा (आणखी एक तसेच माप) काढला तर ०.८५ येतो. मग एकत्रच दाखवावे का?

---

संख्याबळ

तिसऱ्याचे उत्तर आधी, कारण धोका तिथे आहे : दाखवू नका. फक्त ८० बातम्यांवर आल्फा काढून पाहा. एकूण १६० उत्तरे, त्यात 'हो' १०, 'नाही' १५०. प्रत्यक्ष असहमती ६/८० = ०.०७५. योगायोगाने अपेक्षित असहमती = (२ × १० × १५०) ÷ (१६० × १५९) = ०.११८. आल्फा = १ – ०.०७५/०.११८ = ०.३६. म्हणजे कप्पाएवढाच.

आता कोड ९ च्या २० बातम्या मिसळा. असहमती ६/१०० = ०.०६ वर येते, आणि तीन वर्ग झाल्यामुळे अपेक्षित असहमती ०.३९७ वर उडी मारते. १ – ०.०६/०.३९७ = ०.८५. कोडरांचे मर्यादांबद्दलचे आकलन तसूभरही सुधारलेले नाही. 'ही बातमी गणिताची आहे' हे दोघांना ओळखता येते, एवढेच त्या वाढीव आकड्यात आहे. दुधात पाणी घालून माप वाढवण्यातला प्रकार. 'लागू आहे का' हे वेगळे व्हेरिएबल करा, त्याचा आल्फा वेगळा द्या, आणि मर्यादांचा आल्फा दोघांनीही 'लागू' म्हटलेल्या बातम्यांवरच काढा.

आता पहिला प्रश्न. पहिल्या कोडरने ६ वेळा 'हो' म्हटले, दुसऱ्याने ४ वेळा. दोघांनी बातमी न वाचता याच प्रमाणात शिक्के मारले असते तरी सहमती (६/८० × ४/८०) + (७४/८० × ७६/८०) = ०.८८२५ आली असती. योगायोगाच्या वर जायला जागा उरली ०.११७५ आणि तुम्ही त्यातली ०.०४२५ मिळवली. भागाकार ०.३६.

हेच सहा मतभेद ठेवून दोघांचे 'हो' ३७ आणि दोघांचे 'नाही' ३७ असते, तर कप्पा ०.८५ आला असता. फाइनस्टाइन आणि सिकेटी यांनी १९९० मध्ये या विसंगतीवर लिहिले, तेव्हापासून ती 'कप्पाचा विरोधाभास' म्हणून प्रसिद्ध आहे. मला त्यात विरोधाभास दिसत नाही. वर्ग दुर्मीळ असेल तर तो ओळखण्याची कसोटी कडक होणारच.

वर्गवार सहमती काढली की दुखणे उघडे पडते. 'हो'साठी : (२ × २) ÷ (६ + ४) = ४० टक्के. 'नाही'साठी : (२ × ७२) ÷ (७४ + ७६) = ९६ टक्के. तुमचा अभ्यास मर्यादा सांगणाऱ्या बातम्यांबद्दल आहे, आणि नेमके तेच ओळखताना सहमती ४० टक्के आहे.

एसी-१ : त्यात योगायोगाची सहमती २ × ०.०६२५ × ०.९३७५ = ०.११७ धरली जाते. कोहेन जिथे ०.८८ धरतो तिथे हा ०.१२. ग्वेटची मांडणी (२००८) अशी की अंदाजपंचे उत्तर फक्त अवघड नोंदींवरच दिले जाते. हे गृहीतक तुमच्या बातम्यांना लागू पडते असे लिहून पटवता येत असेल तर आल्फाच्या शेजारी एसी-१ द्या, आल्फाऐवजी नको. शिवाय दोघांनी डोळे मिटून सगळीकडे ० दिले तर एसी-१ बरोबर १ येतो. तिथे कप्पा शून्य भागिले शून्य होऊन निदान गप्प तरी बसतो.

आणखी एक. 'फक्त पहिल्याचे हो' मधली एक बातमी 'दोघांचे हो' मध्ये गेली तर कप्पा ०.३६ वरून ०.५१ होतो. दोन गेल्या तर ०.६४. दोन बातम्यांवर एवढा हलणारा आकडा ०.७ च्या रेषेशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. बूटस्ट्रॅपने (त्याच नमुन्यातून पुन्हा पुन्हा निवड करून) ९५ टक्के विश्वासमर्यादा काढा (फेरनिवड बातम्यांची करायची, सुट्या उत्तरांची नाही). पट्टी केवढी रुंद येते ते पाहिल्यावर गाईडशी बोलणे सोपे जाईल.

---

कोडबुकवाली

वरचे गणित मान्य, पण कप्पा बदलून उपयोग नाही, कोडबुक (कोडिंगची नियमावली) बदलायला हवे. त्या सहा बातम्या काढून समोरासमोर ठेवा. मराठी बातम्यांत बहुतेक वेळा भांडण पुढच्या ठिकाणी असते.

'असा दावा संशोधकांनी केला आहे' : ही बातमीची ठरलेली धाटणी आहे. एक कोडर तीत शंका वाचतो, दुसरा वाचत नाही. नियम : नुसता 'दावा' = ०.

'होऊ शकते', 'शक्यता आहे' : क्रियापदातली शक्यता ही मर्यादा नव्हे. = ०. शक्यता का अनिश्चित आहे याचे कारण दिले असेल तरच १.

'प्रयोगशाळेत यशस्वी' : नुसते स्थळ = ०. 'औद्योगिक पातळीवर अद्याप चाचणी झालेली नाही' = १.

'आणखी संशोधनाची गरज आहे' : शेवटच्या परिच्छेदातले हे शेपूट सर्वांत त्रासदायक. याला वेगळा कोड द्या (उदा. 'ठरावीक वाक्य' असा स्वतंत्र रकाना, त्यात १). नंतर विश्लेषणात घ्यायचे की नाही ते ठरवता येते. एकाच कोडमध्ये कोंबले की मोकळे करता येत नाही.

कोण म्हणाले हे वेगळ्या रकान्यात : वार्ताहर, मूळ संशोधक, की बाहेरचा तज्ज्ञ. आणि कुठे : मथळा, पहिला परिच्छेद, की पोटात. कोडर मथळा आणि इंट्रो वाचून पुढे सरकतो तेव्हा 'फक्त एकाचेच हो' वाढते, म्हणून कोणत्या परिच्छेदात सापडले त्याचा क्रमांक लिहायला लावा. क्रमांक लिहायचा म्हटले की पूर्ण वाचले जाते.

क्रम असा ठेवा. सहा मतभेदांवर चर्चा, नियम दुरुस्त, आणि त्या ८० बातम्या आता सरावाच्या झाल्या. त्यांच्यावर पुन्हा आल्फा काढायचा नाही. चर्चा करून एकमत केलेल्या उत्तरांवर काढलेला आल्फा म्हणजे चर्चेचा आल्फा. ही चूक प्रबंधांत सर्रास दिसते, आणि बाहेरचे परीक्षक तिथेच बोट ठेवतात.

नव्या नमुन्यात अडचण अशी की 'हो' सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. ३० 'हो' हवे असतील तर सरसकट ४८० बातम्या दोघांकडून कोड करून घ्याव्या लागतील. वेळ नसेल तर दोन गठ्ठे करा : एक यादृच्छिक, दुसरा 'अद्याप', 'मात्र', 'प्राथमिक', 'प्रीप्रिंट' (तज्ज्ञांच्या तपासणीआधी जाहीर केलेला शोधनिबंध) असे शब्द असलेल्या बातम्यांतून उचललेला. कोडरांना गठ्ठा कोणता ते कळू द्यायचे नाही, मिसळूनच द्यायच्या. दोन्हींचा आल्फा वेगळा छापायचा. दुसऱ्या गठ्ठ्यातला आकडा सगळ्या बातम्यांचा म्हणून खपवता येणार नाही, आणि मर्यादा सांगणाऱ्या बातम्यांची टक्केवारी तर फक्त पहिल्या गठ्ठ्यावरूनच द्यायची.

०.७ बद्दल : क्रिपेनडॉर्फ ०.८०० ची अपेक्षा ठेवतो, आणि ०.६६७ ते ०.८०० मध्ये फक्त तात्पुरते निष्कर्ष काढा म्हणतो. लँडिस आणि कोख यांची १९७७ ची कप्पासाठीची 'बरे, मध्यम, भरीव' ही पायरी अनेक जण डकवतात. ती पायरी मनाने पाडलेली आहे हे खुद्द त्यांनीच लिहिले होते.

---

रिफ्लक्स

विश्लेषणात्मक रसायनाच्या बाजूने थोडे. प्रयोगशाळेत नमुन्यांच्या रांगेत आंधळी दुबार बाटली (तोच नमुना, ओळख लपवून) सरकवतात, तसे कोडिंगमध्येही करा : आधीच कोड झालेल्या दहा टक्के बातम्या दोन-तीन आठवड्यांनी, नव्या क्रमांकाने, त्याच कोडरकडे. सुरुवातीला कडक असलेला कोडर शेवटी सैल पडतो (किंवा उलट), आणि दोघे सारखेच सैल पडले तर आपसातल्या आल्फामध्ये ते दिसतच नाही.

दुसरे, रसायनशास्त्रात 'मर्यादा' कशाला म्हणायचे हे उदाहरणांनी बांधा. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (सच्छिद्र स्फटिकी पदार्थांसाठी) मिळाले, तेव्हा 'वाळवंटातल्या हवेतून पाणी' ही ओळ सगळीकडे फिरली. तिच्यामागे २०१७ चा शोधनिबंध आहे : २० टक्के सापेक्ष आर्द्रतेतही अशा पदार्थाच्या किलोमागे दिवसाला २.८ लिटर पाणी. पण त्या प्रायोगिक उपकरणातली भुकटी ग्रॅमच्या मापातली होती. बातमीत 'किलोमागे' आहे पण वापरलेले प्रमाण नाही, तर ०. प्रमाण किंवा आर्द्रतेची अट दिली, तर १. कोडरांना हा फरक आपसूक कळणार नाही, कोडबुकात असे चार-पाच नमुने छापा.

एलके-९९ तर सरावाला उत्तम. जुलै २०२३ मध्ये कोरियन गटाने या पदार्थात सामान्य तापमानाला अतिवाहकता (विजेला शून्य रोध) असल्याचे प्रीप्रिंट टाकले. नंतरच्या तपासण्यांत रोधातली ती घसरण कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे असल्याचे दिसले, कारण त्याची रचना साधारण १०४ अंश सेल्सियसला बदलते. तेव्हा 'अद्याप पियर रिव्ह्यू (तज्ज्ञांची तपासणी) झालेला नाही' = १ (प्रीप्रिंट). 'इतर प्रयोगशाळांना तसे आढळले नाही' = १, पण वेगळा उपकोड (पुनरावृत्ती). उपकोड पाडले की प्रत्येक आणखी दुर्मीळ होतो आणि आल्फा आणखी डळमळतो, म्हणून कोडिंग बारीक करा, पण आल्फा विश्लेषणात जे व्हेरिएबल वापरणार त्याचाच काढा.

---

संख्याबळ

गणिताला सरसकट ९ देण्याबद्दल एक आक्षेप राहिला. नमुन्याचा आकार, पुनरावृत्ती हे गणितात लागू नाही हे खरे. पण सिद्धतेची व्याप्ती ही गणितातली मर्यादाच आहे, आणि बातमीत ती हमखास गळते.

मार्च २०२३ मध्ये स्मिथ, मायर्स, कॅप्लन आणि गुडमन-स्ट्रॉस यांची 'हॅट' फरशी आली : एकाच आकाराने प्रतल भरते, पण आवर्ती (तीच नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येणारी) रचना कधीच होत नाही. काही फरश्या मात्र उलट्या, आरशातल्यासारख्या ठेवाव्या लागतात. ही अट नको म्हणून त्याच गटाने मे महिन्यात 'स्पेक्टर' मांडली. आरशाची अट सांगणारी बातमी = १. तसेच फेब्रुवारी २०२५ चे होंग वांग आणि जोशुआ झाल यांचे काकेया अनुमानावरचे (सगळ्या दिशांचे रेषाखंड मावणारा संच किती लहान असू शकतो, या प्रश्नावरचे) काम. ते त्रिमितीचे आहे, त्यावरच्या मिती खुल्या आहेत. 'काकेया अनुमान सुटले' एवढेच लिहिले तर ०, 'त्रिमितीत' असेल तर १. गणितासाठी हा उपकोड ठेवला तर २० पैकी बऱ्याच बातम्या 'लागू'मध्ये येतील.

---

बातमीमागे

सगळ्यांचे आभार. दोन शंका. तिसरा कोडर म्हणून एआयचा चॅटबॉट वापरला तर? आणि आल्फा 'आर'मध्ये (संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत) काढताना एकदा भलताच आकडा आला. कोणता बरोबर ते कसे ओळखायचे?

---

कोडबुकवाली

चॅटबॉट चालेल, पण माणसांच्या आल्फात मिसळू नका. दोन माणसांचा आल्फा आधी, मग माणूस-यंत्र अशी प्रत्येक जोडी वेगळी. मॉडेलची आवृत्ती, तारीख आणि दिलेली सूचना शब्दशः परिशिष्टात. 'तापमान' (उत्तरातला यादृच्छिकपणा ठरवणारी सेटिंग) शून्य ठेवून पुन्हा चालवल्यावर तेच उत्तर आले तर त्यातून यंत्राचे सातत्य कळते, अचूकता नाही. दुर्मीळ 'हो'च्या बाबतीत यंत्रालाही वर ४० टक्के आली त्या वर्गवार सहमतीचीच कसोटी लावा, एकूण टक्केवारी पाहून हुरळू नका. आणि कोडबुक पक्के होण्याआधी यंत्राला हात लावू नका. संदिग्ध नियम तेही संदिग्धच लावते, फक्त न कुरकुरता.

---

संख्याबळ

'आर'च्या आयआरआर पॅकेजमधल्या आल्फाच्या फंक्शनला कोडर ओळीत आणि बातम्या स्तंभात लागतात. एक्सेलमध्ये आपण नेमके उलटे ठेवतो. निकालात सब्जेक्ट्स (बातम्या) २, रेटर्स (कोडर) ८० असे दिसले तर तक्ता आडवा-उभा बदलून पुन्हा चालवा. पायथॉनच्या क्रिपेनडॉर्फ पॅकेजलाही हीच मांडणी लागते, आणि तिथे मापनपातळी 'नॉमिनल' (कोड म्हणजे नुसती नावे) अशी स्वतः लिहा, नाहीतर ते इंटरव्हल (कोडमधले अंतर मोजणारी पातळी) धरू शकते. ०-१ असेपर्यंत फरक पडत नाही, पण इंटरव्हल असताना ९ आत शिरला की ० आणि ९ मधला मतभेद ० आणि १ मधल्या मतभेदाच्या ८१ पट मोजला जातो. रिकामा रकाना रिकामाच ठेवा, शून्य भरू नका. तुमच्या वरच्या ८० बातम्यांवर चालवून ०.३६४ आले की मांडणी बरोबर आहे.