मदत हवी आहे: लिनॅकच्या (सरळ रेषेतल्या कणत्वरकाच्या) तांब्याच्या कॅव्हिटीचं टर्निंग

नमस्कार मंडळी. सातपूरला आमचं छोटं सीएनसी वर्कशॉप आहे. एका कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी 2856 मेगाहर्ट्झच्या लिनॅक कॅव्हिटीचे (ठरावीक फ्रिक्वेन्सीला रेझोनेट होणाऱ्या धातूच्या पोकळीचे) नमुना सेल, म्हणजे एकेक कप्पे, करायला घेतलेत, ऑक्सिजन-फ्री तांब्यात. आतली त्रिज्या साधारण 40 मिमी. ती नुसती 10 मायक्रॉननं वाढली तरी फ्रिक्वेन्सी जवळपास 0.7 मेगाहर्ट्झनं खाली येते. त्यात तांबं भलतं चिवट, कार्बाइड टूलला चिकटतं आणि मधल्या भोकाच्या कडेला बर (धातूची बारीक कोर) राहतो. (नाशिकचं ऊनही भर घालतंय, एका अंशाला सुमारे 48 किलोहर्ट्झ सरकतात!)

डायमंड टूलवाल्यांनी स्पीड-फीड सांगा. ब्रेझिंगआधी (सेल डाग देऊन जोडण्याआधी) ट्यूनिंगसाठी मटेरियल किती राखावं? शिवाय 3 गिगाहर्ट्झपर्यंतचा नेटवर्क अ‍ॅनालायझर (कॅव्हिटीची फ्रिक्वेन्सी मोजायचं यंत्र) नाशकात कुणाकडे तासाभरासाठी मिळेल का? भाडं देऊ.