बोट टोचून मीटरवर शुगर बघण्याचं ट्रेनिंग नर्सेसना दर सहा महिन्यांनी सक्तीचं करावं का?

वॉर्ड इन्चार्ज, मिरज : गेल्या द्राक्ष हंगामातली गोष्ट. तासगावकडचे एक आजोबा, रात्रीची शुगर 318. नव्या सिस्टरने स्केलप्रमाणे (शुगरच्या आकड्यानुसार डोस ठरवणारा तक्ता) इन्सुलिन भरलं, तेवढ्यात मला उशाशी द्राक्षांची पिशवी दिसली. हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचलं. 146! तिने स्पिरिटने बोट पुसलं होतं, पण फळाची साखर बोळ्याने नीट निघत नाही, पाणीच लागतं. ते इन्सुलिन गेलं असतं तर पहाटे आजोबांची शुगर 70 च्या खाली, म्हणजे धोक्याइतकी कमी, गेली असती. त्या पोरीला कुणी हे दाखवलंच नव्हतं. म्हणून माझं मत, दर सहा महिन्यांनी प्रत्येकाने समोर टेस्ट करून दाखवावी. चुकलं तर त्या दिवशी मीटर हातात नाही.

रात्रपाळीची स्टाफ नर्स, सांगली : ताई, माझा विरोध आहे. 40 पेशंट आणि आम्ही दोघी. हात धुवायचे हे मला पाठ आहे, पण उठता न येणाऱ्याला तसराळं कोण देणार? मावशी एकच, तीही दुसऱ्या वॉर्डात. आणि ट्रेनिंग म्हणजे नाईट करून आल्यावर दोन तास बसायचं, सही करायची, घरी जायचं. आधी माणसं द्या.

लॅब टेक्निशियन, सातारा : माणसं कमी आहेत हे खरंच. पण स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं राहतं ते माणसं कमी म्हणून नाही. पावसाळ्यात दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात. डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, चालू असलेल्या हाताचंच बोट टोचतात. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर बऱ्याच मीटरवर शुगर जास्त दिसते. बीपी पडून हात गार असेल तर बोटावर विसंबूच नये, शिरेतलं रक्त लॅबला पाठवावं. चांगल्या मीटरलाही 100 च्या वर 15 टक्के फरकाची मुभा असते, म्हणजे खरी शुगर 200 असेल तर मीटर 170 ते 230 मध्ये कुठलाही आकडा दाखवू शकतं. टोचायला कुणीही शिकतं. आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा नाही, ते शिकवा.

पेशंटचा मुलगा, विटा : आम्हाला तरी कुणी सांगितलं का, टोचायच्या आधी फळ सोलून देऊ नका म्हणून? नातेवाईक रात्रभर तिथंच असतात. पाणी आम्ही आणून देऊ की.

वॉर्ड इन्चार्ज, मिरज : दादा, हे मी उद्यापासून सांगते. सिस्टर, वर्ग नकोच. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, एका बेडपाशी पाच मिनिटं. पाणी नसेलच आणि बोटाला फळ किंवा गोड लागलेलं नसेल, तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा, हेही तिथंच दाखवू.

रात्रपाळीची स्टाफ नर्स, सांगली : पण चुकलेलीचं मीटर काढून घेतलंत, तर त्या रात्री तिच्या वाटच्या 20 पेशंटना कोण टोचणार? मीच ना? तिच्याकडून तिथंच पुन्हा करून घ्या, बरोबर येईपर्यंत. आणि ती पाच मिनिटं ड्यूटीत धरा. मग माझी सही पहिली.