नगर परिषदेची आपत्ती यंत्रणा: पाणी चढू लागल्यावर आदेश कोणाचा?

खाडीकाठ:
नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या शहरात राहतो. आमच्या प्रभागातील काही रहिवासी मिळून पावसाळ्यापूर्वी नगर परिषदेला एक निवेदन देणार आहोत आणि त्यासाठी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मुंबईत १९१६ हा क्रमांक फिरवला की फोन महापालिकेच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षात जातो आणि तेथून संबंधित विभाग कार्यालयाला निरोप पोहोचतो. लहान शहरात मात्र नगर परिषद, तहसील कार्यालय, पोलीस ठाणे, पाटबंधारे विभाग आणि महावितरण ही सारी कार्यालये आपापल्या जागी असतात आणि रात्री दोन वाजता पाणी चढू लागले तर वस्ती हलवण्याचा निर्णय मुख्याधिकाऱ्यांनी घ्यायचा की तहसीलदारांनी, हे सामान्य नागरिकाला ठाऊक नसते. कायद्यानुसार जबाबदारी कोणाची आहे आणि नगर परिषदेने आपली अंतर्गत रचना कशी करावी, हे कोणी सविस्तर सांगेल का?

महसूल_निवृत्त:
आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ हा या विषयाचा पाया आहे. त्यानुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष असतात. आपत्तीच्या काळात हे प्राधिकरण जिल्ह्यातील कोणत्याही शासकीय विभागाला किंवा स्थानिक संस्थेला आवश्यक ती उपाययोजना करण्यास सांगू शकते आणि तसे करणे त्यांच्यावर बंधनकारक असते. प्रत्यक्षात हा अधिकार तालुक्याच्या पातळीवर प्रांताधिकारी आणि तहसीलदार यांच्यामार्फत राबवला जातो. म्हणजेच वस्ती हलवण्याचा आदेश महसूल यंत्रणेकडून येतो आणि तो पार पाडण्यासाठी माणसे, वाहने, निवाऱ्याच्या शाळा, पिण्याचे पाणी व सफाई यांचा मोठा भाग नगर परिषदेला उभा करावा लागतो.

याचा अर्थ नगर परिषदेने आदेशाची वाट पाहत बसावे असा मात्र नाही. कलम ४१ स्थानिक संस्थेवर स्वतंत्र कर्तव्ये सोपवते: कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणे, साधनसामग्री केव्हाही वापरता येईल अशा स्थितीत ठेवणे, बांधकामे ठरलेल्या मानकांनुसार होत आहेत याची खात्री करणे आणि बाधित भागात मदत व पुनर्वसनाची कामे करणे. आपल्या निवेदनात या कलमाचा उल्लेख अवश्य करा, कारण पावसाळी तयारी म्हणजे केवळ नालेसफाई, असा समज अनेक ठिकाणी रूढ झाला आहे आणि तो घातक आहे.

२०२५ च्या सुधारणेमुळे राज्याच्या राजधानीसाठी व महानगरपालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापन करता येते, ज्याचे अध्यक्ष महापालिका आयुक्त असतात. पनवेलला ही तरतूद लागू होऊ शकते. रत्नागिरी, चिपळूण, महाड किंवा सावंतवाडी यांसारख्या नगर परिषदांना नाही. त्यामुळे आपल्या शहरासाठी जिल्हा प्राधिकरण हीच मुख्य चौकट राहते.

जॅकवेल:
मी नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागात काम केले आहे, म्हणून अंतर्गत रचनेबद्दल लिहितो. कोणत्याही आराखड्यात मी सर्वप्रथम हे पाहतो की मुख्याधिकारी शहराबाहेर असतील किंवा त्यांचा फोन लागत नसेल, तर त्यांच्या जागी कोण आणि त्या व्यक्तीनंतर कोण, हे पदनामासह लिहिलेले आहे की नाही. विभागप्रमुखांच्या दूरध्वनी क्रमांकांची यादी म्हणजे आराखडा नव्हे.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत एक प्रमुख अधिकारी आणि त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष कार्यवाही, नियोजन व रसद अशी विभागणी आहे. लहान नगर परिषदेत ही पदे आहे त्याच माणसांना द्यावी लागतात: अग्निशमन व स्वच्छता विभागाकडे कार्यवाही, अभियंत्याकडे नियोजन, भांडार विभागाकडे रसद. यांपैकी नियोजनाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि कोकणात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीचे उदाहरण घ्या. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस, कोयना प्रकल्पातून कोळकेवाडी धरणामार्गे नदीत येणारे पाणी आणि दाभोळच्या खाडीतली भरती या तिन्हींची माहिती तीन वेगळ्या ठिकाणांहून येते. या तिन्ही गोष्टी एका नोंदवहीत तासातासाला लिहून, त्यावरून पुढच्या तीन-चार तासांत काय होईल हे सांगणारा एक माणूस नियंत्रण कक्षात बसलेला नसेल, तर प्रत्येक कार्यालयाकडे खरी माहिती असूनही शहराला इशारा मिळत नाही.

इशाऱ्याचा निर्णय आधीच झालेला असावा, असे माझे ठाम मत आहे. पुलाच्या खांबावरील ठरावीक खुणेला पाणी लागले की कोणालाही न विचारता भोंगा वाजवायचा आणि दुसऱ्या खुणेला सखल आळ्या रिकाम्या करायला सुरुवात करायची, हे तहसीलदार व मुख्याधिकारी यांनी मे महिन्यातच संयुक्त सहीने लेखी ठरवावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले तेव्हा वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि रस्ते पाण्याखाली असल्याने बाहेरून येणाऱ्या बचाव पथकांना उशीर झाला. अशा वेळी वरून परवानगी मागण्याचे साधनच उरत नाही. नियंत्रण कक्ष व जनरेटर पूररेषेच्या वर असावेत आणि पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेशी त्याचा संपर्क असावा, हेही निवेदनात लिहा.

बंदररोड:
वरील प्रतिसादांत एक भर घालते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, डायलिसिसवर असलेले रुग्ण, दिवस भरत आलेल्या गरोदर स्त्रिया कोणत्या घरात आहेत, याची प्रभागनिहाय यादी आशा सेविकांच्या मदतीने दर वर्षी नव्याने तयार व्हावी आणि त्यांना उचलून नेण्याची जबाबदारी नावानिशी आपदा मित्र, म्हणजे आपत्तीतील मदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक स्वयंसेवकांवर सोपवावी. होड्या आहेत, पण चालवणारा कोण, हाही प्रश्न विचारा. मच्छीमार सोसायटीशी आधी लेखी बोलणे झालेले असेल तर ते बांधव नेहमीच पुढे येतात.

खाडीकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. @जॅकवेल, पुलावरील खुणा ठरवण्यासाठी मागील पुरांच्या नोंदी कोठे मिळतील?

जॅकवेल:
नदीच्या पातळीच्या नोंदी आणि पूररेषेचे नकाशे पाटबंधारे विभागाकडे मागा; अर्जाची एक प्रत तहसीलदारांनाही द्या. जुन्या बाजारपेठेत अनेक दुकानदारांनी भिंतींवर २००५ व २०२१ च्या पाण्याच्या रेषा जपून ठेवल्या आहेत. अभियंत्याला सोबत घेऊन त्यांची उंची मोजून घ्या आणि रंगरंगोटीत त्या पुसल्या जाण्याआधी हे काम उरका.