शब्दचर्चा : एकाच शब्दापुढचं ‘वगैरे’ आणि पांडुरंग सांगवीकर

प्रश्न (कॉलेज रोड, नाशिक) : पहिल्या वर्षाच्या मुलांना भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी शिकवतेय. तिच्या नायकाबद्दल एकाने लिहिलंय, ‘पांडुरंग बेफिकीर वगैरे आहे.’ ‘वगैरे’च्या आधी निदान दोन गोष्टी हव्यात, असं आम्ही शिकलो. हे खोडायचं का?

पंचवटी : ताई, लेखी भाषेत तुमचा नियम बरोबर. शब्द मूळ अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. अर्थ ‘आणि त्याखेरीज इतर’. ‘पोहे, उपमा वगैरे’ म्हटलं की त्याच जातीचं आणखी काही आहे हे कळतं. बोलण्यात मात्र तो एकाच शब्दामागेही सर्रास येतो आणि तिथे त्याचं काम बदलतं. ‘ताप वगैरे नाही ना?’ यात काळजी आहे. ‘तो हुशार वगैरे आहे’ यात बोलणारा हुशारी मान्य करतो, पण त्याची हमी घेत नाही. लोक म्हणतात तसा हुशार, एवढंच. इथे ‘इत्यादी’ घालून पाहा, वाक्य मोडतं.

मालेगाव : नकाराचं वाक्य घ्या, मग हा शब्द पुरता कळतो. ‘मी रडलो नाही’ हे कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असू शकतं. ‘मी रडलो वगैरे नाही’ म्हणणाऱ्याला बहुधा कुणी विचारलेलंच नसतं. रडण्याचा विषय त्यानेच काढला आणि काढताकाढताच किरकोळ करून टाकला. ऐकणाऱ्याला तेवढ्यावरून समजतं.

नेमाड्यांची ही कादंबरी 1963ची. खानदेशातल्या सांगवीचा, खात्यापित्या शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, नापास होतो, गावी परततो आणि हे सगळं स्वतःच सांगतो. ‘वगैरे’इतकाच त्याचा दुसरा शब्द म्हणजे ‘उदाहरणार्थ’. स्वतःचं वय सांगतानाही तो लावतो! वय हे कशाचं उदाहरण असणार? आणि मुळात हा शब्द वर्गातला, गाइडातला. आमच्या घरी अहिराणी बोलतात, तिथे तो कधी ऐकला नाही. म्हणजे ज्या शिक्षणाला पांडुरंग कवडीची किंमत देत नाही, त्याच शिक्षणाचा शब्द त्याला स्वतःबद्दल बोलायला लागतो. वडिलांवर चिडतो आणि त्यांच्याच पैशावर पुण्यात राहतो, ही विसंगती कथानकात उघड दिसते. भाषेतली विसंगती मला त्याहून खोल वाटते, कारण ती त्याला लपवता येत नाही. कशाचंच काही वाटत नाही म्हणणारा माणूस इतकं तपशीलवार सांगत बसतो कशाला? धाकट्या बहिणीच्या मृत्यूचा भाग वाचा. तिथला संताप आणि दुःख थेट अंगावर येतं. तो भाग वाचल्यावर मागची बेफिकिरी पुन्हा वाचावीच लागते.

पंचवटी : म्हणून ‘वगैरे’ ही त्याची नुसती लकब आहे असं म्हणणं मला पटत नाही. ते कुठल्या शब्दामागे येतं, ते मुलांना पेन्सिलीने खुणा करून पाहू द्या.

कॉलेज रोड : खुणा करायला सांगते. पण या मुलाचं वाक्य तर समीक्षेतलं आहे, निवेदनातलं नाही.

मालेगाव : मग त्यालाच विचारा, हे ‘वगैरे’ पांडुरंगचं की तुझं? पांडुरंगचं असेल तर ‘बेफिकीर वगैरे’ला अवतरणचिन्हं घालू दे. स्वतःचं असेल, तर पांडुरंग खरंच बेफिकीर आहे का, हे त्याने अजून ठरवलेलं नाही. तेवढं ठरवून वाक्य पुन्हा लिहू दे.