१३०० किमी दूर बिऱ्हाड हलवायचंय: पूर्ण ट्रक की शेअरिंग, आणि काय न्यावं?

पायवाट:
दोन महिन्यांनी दुसऱ्या शहरात कायमचं राहायला जायचंय. दोन बेडरूमचं घर आहे. मोठं सामान म्हणजे डबल डोअर फ्रिज, फ्रंट लोड वॉशिंग मशीन, स्प्लिट एसी, पार्टिकल बोर्डचं तीन दारी कपाट, ५५ इंची टीव्ही, स्कूटर आणि पुस्तकं (भरपूर). तिकडचं घर अजून ठरलेलं नाही. पूर्ण ट्रक करावा की इतरांच्या सामानाबरोबर पाठवावं? आणि मशीनं हलवताना नेमकं काय बिघडतं?

घनफूट:
ट्रकचं नंतर बघा, आधी मोजपट्टी घ्या. प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणाकार करा. फ्रिज २.५ × २.५ × ६ असेल तर ३७.५ घनफूट. खोक्यांचा अंदाज मिळवा आणि फटींसाठी वर १५-२० टक्के धरा. हा आकडा हातात असला की "अहो, सामान अंदाजापेक्षा जास्त निघालं" हे ऐन दिवशी ऐकावं लागत नाही.

शेअरिंग स्वस्त पडतं, पण सामान वाटेत गोदामात उतरतं आणि दुसऱ्या गाडीत चढतं. मोडतोड आणि हरवाहरवी बहुतेक या चढउतारातच होते, धावत्या गाडीत कमी. शिवाय पोचायची तारीख नक्की नसते, "अमुक ते अमुक दरम्यान" असते. सामान ट्रकच्या पाऊण भागापर्यंत जात असेल तर पूर्ण ट्रकच करा, तोही मधे गाडी बदलणार नाही असं लेखी घेऊन.

तुमची खरी अडचण म्हणजे घर ठरलेलं नाही. गोदामात ठेवायचं भाडं, तिथून पुन्हा घरी पोचवायचे पैसे आणि किती दिवस फुकट, हे कोटेशनमध्येच लिहून घ्या. मजला, लिफ्ट आणि फाटकापासून दारापर्यंतचं अंतर हेही. मोठा ट्रक गल्लीत शिरला नाही तर छोट्या गाडीचा खर्च कोणाचा, यावरून हमखास वाद होतो. सामान न बघता फोनवर दर सांगणाऱ्याला आणि जवळजवळ सगळे पैसे आगाऊ मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

पक्कडवाला:
मशीनांचं सांगतो.

वॉशिंग मशीन: फ्रंट लोडचा ड्रम स्प्रिंगांवर टांगलेला असतो. तो मागून लांब ट्रान्झिट बोल्ट लावून जखडतात. बहुतेक मॉडेलमध्ये तीन किंवा चार असतात. ते न लावता मशीन ट्रकमध्ये चढवलं तर ड्रम आपटत जातो आणि शॉक ॲब्झॉर्बर जातात. बोल्ट हरवले असतील तर मॉडेल नंबर देऊन आत्ताच मागवा, यायला वेळ लागतो. खालच्या फिल्टरमधून पाणी काढून टाका. नव्या घरी चालू करण्याआधी बोल्ट आठवणीने काढा, नाहीतर स्पिनला मशीन नाचत सुटेल.

फ्रिज: एक दिवस आधी बंद करून बर्फ वितळवा, आतून कोरडा करा. उभाच न्यायचा. आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळ्यांत जातं. उभा आला तरी चारेक तास थांबून मग चालू करा. वाटेत आडवा पडला असेल तर २४ तास उभा ठेवा.

एसी: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. काढताना "पंप डाउन" करूनच काढायला सांगा. एसी कूलिंगवर चालू ठेवून आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढला गेला की जाड पाइपचा बंद करायचा आणि लगेच मशीन बंद. घाईत नुसते नट सोडले तर सगळा गॅस हवेत. युनिटची आणि पाइपांची तोंडं टोपी लावून बंद करून घ्या. नव्या जागी व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडू देऊ नका. थोडा गॅस सोडून हवा बाहेर काढली की झालं, असं सांगणारे भेटतात. त्याने पाइपातला ओलावा जात नाही.

टीव्ही उभाच. स्कूटरची टाकी जवळपास रिकामी करा, बॅटरीची वायर सोडा, आरसे काढा.

पायवाट:
खूप उपयोगी, धन्यवाद. पुस्तकं मोठ्या खोक्यांत भरली तर चालतील का? आणि कपाट न्यावं का? विमाही विचारायचा होता.

खोकेबाज:
मोठ्या खोक्यांत पुस्तकं अजिबात नकोत. १ घनफुटाचा खोका पुस्तकांनी गच्च भरला की १७-१८ किलोचा होतो. ३ घनफुटाचा ५० किलोच्या वर जाईल. तो उचलताना तळ सुटतो, नाहीतर उचलणाऱ्याची कंबर. पुस्तकं आडवी ठेवा, वरची पोकळी कपड्यांनी भरा. अर्धवट भरलेला खोका वरच्या वजनाने दबतो. मोठे खोके उशा-पांघरुणांना. काचेच्या ताटल्या उभ्या लावा, एकावर एक नकोत. नंबर खोक्याच्या दोन बाजूंवर लिहा, झाकणावर लिहिलेला थप्पीत दिसत नाही.

कपाट विका. पार्टिकल बोर्डमधला स्क्रू एकदा निघाला की भोक भुसभुशीत होतं, पुन्हा तशी पकड येत नाही. प्लायवूडचं असतं तर न्या म्हटलं असतं.

घनफूट:
विम्याबद्दल दोन गोष्टी नीट वाचा. किंमत कमी दाखवून हप्ता वाचवला तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते: खरी किंमत १००, विमा ५०चा, नुकसान २०चं, तर हातात १० येतात. आणि स्वतः भरलेल्या खोक्यातल्या फुटीची भरपाई बऱ्याच पॉलिसींत मिळत नाही, म्हणून काच आणि टीव्ही त्यांनाच बांधू द्या. निघण्याआधी फोटो काढा. सामान उतरल्यावर खोके मोजून, दबलेल्यांचे नंबर पावतीवर लिहून मगच सही करा. उतरवणारे घाई करतील, करू द्या.

आणि अंदाज घ्यायला माणूस आला की पलंगाच्या पेटीतलं, माळ्यावरचं आणि बाल्कनीतलं सामान उघडून दाखवा. मोजणी चुकते ती तिथेच.