अनुभव धागा: मित्रांच्या ग्रुपवर रोजची खबरबात कशी द्यावी-घ्यावी?

चिमणचारा
बहुतेक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवस उगवतो तो दव पडलेल्या गुलाबाच्या फोटोने. खाली दहा जणांचे जोडलेले हात. त्या दहांतलं कोण रात्रभर जागं होतं, कोणाची गोळी संपलीय, कोणाचं आज कशातच लक्ष नाही, याचा मात्र पत्ता नाही. काही मित्रमंडळी हे नीट जमवतात: रोज दोन ओळी, तब्येत, मूड, घरातलं बारीकसारीक. ज्यांना याची घडी माहीत आहे त्यांनी लिहा. एकच विनंती, "आमच्याकडे एकदा काय झालं..." नको. कृती सांगा, आकडे सांगा, कुठे बिघडतं ते सांगा.

घाटमाथा
पहिली गोष्ट म्हणजे वेगळा ग्रुप. शाळेच्या साठ जणांच्या ग्रुपवर कोणी बद्धकोष्ठाबद्दल लिहीत नाही. सहा ते आठ माणसं पुरे. बारापुढे गेलं की निम्मे नुसते वाचतात, आणि लिहिणाऱ्याला ते जाणवतं. फॉरवर्डना बंदी, सणांच्या शुभेच्छांनाही बंदी. त्यासाठी मोठा ग्रुप आहेच.

दुसरी म्हणजे साचा. चार खाने: झोप, शरीर, मूड, एक बारीक गोष्ट. उदाहरणार्थ:

"झोप ५ तास, मध्ये दोनदा उठलो. डावा गुडघा तसाच. मूड ३. फोडणीत मोहरी करपली, तरी आमटी खपली."

एवढंच. वीस सेकंदांत लिहून होतं, म्हणून रोज होतं. ज्या ग्रुपांत "सविस्तर लिहा" असा आग्रह असतो, ते दुसऱ्या आठवड्यात गप्प होतात.

मूडला १ ते १० असे गुण देऊ नका. सगळे ७ लिहितात. १ ते ५ ठेवा आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ आधी ठरवून ग्रुपच्या माहितीत लिहून टाका. १ म्हणजे "आज मला फोन करा", २ म्हणजे "जड आहे, पण निभावतोय", ३ चाललंय, ४ बरं, ५ झकास. खरा उपयोग १ चा आहे. "मला फोन करा" असं लिहायला माणूस लाजतो, १ लिहायला लाजत नाही.

रातराणी
रोजच्या मूडसाठी पोल टाकणाऱ्यांना सूचना: कोणी काय निवडलं ते सगळ्यांना नावासकट दिसतं. शिवाय पोलमध्ये कारण लिहायला जागा नाही. "दोन जण २ वर" एवढंच कळतं आणि दिवसभर तर्क चालतात. पोल रविवारच्या मिसळीसाठी ठेवा.

दोन चमचे
वरच्या साच्यात एक शब्द वाढवा. ओळीच्या शेवटी "खबर", "कान" किंवा "सल्ला" यापैकी एक. खबर म्हणजे नुसती नोंद, अंगठा पुरे. कान म्हणजे ऐकून घ्या, उपाय सांगू नका. सल्ला म्हणजे खरंच विचारतोय. हा शब्द नसला की "पाठ धरलीय" या दोन शब्दांच्या दुखण्यावर अकरा तेलं, दोन वैद्य आणि एक वास्तुदोष येतो.

तिखटमीठ
वास्तुदोष :)) अनुमोदन.

सांजवात
बीपीचे आकडे टाकणाऱ्यांसाठी जरा लांबण लावते, कारण सगळ्यात जास्त घबराट इथेच होते.

"बीपी १५०!!" या संदेशाला काही अर्थ नाही. वरचं की खालचं, कधीचं, गोळीआधीचं की नंतरचं, किती वेळा मोजलं, काहीच नाही. असं लिहा: "स. ७.१०, गोळीआधी, डावा हात, १३८/८४ आणि १३२/८२, नाडी ७६."

मोजायची रीत. अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू, जिने, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या, भरलेल्या मूत्राशयाने आकडा वर जातो. पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं गप्प बसा. पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर असा की पट्टा हृदयाच्या उंचीला येईल. हात खाली लोंबला तर आकडा जास्त येतो, वर धरला तर कमी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. बाही वर गुंडाळून दंड आवळला असेल तर बाही काढा. मशीन फुगत असताना बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं आणि दोन्ही आकडे लिहायचे. "बरा" तेवढा निवडायचा नाही.

जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. मशीन घेताना पट्ट्यावर लिहिलेला सेंटिमीटरचा पल्ला बघा आणि दंडाचा घेर टेपने मोजून न्या. सुरुवातीला दोन्ही हातांवर मोजा. ज्यावर सातत्याने जास्त येतं तो हात कायमचा धरा.

डॉक्टरांकडे न्यायचं असेल तर सात दिवस सकाळ-संध्याकाळ लिहा, पहिला दिवस सोडा, उरलेल्यांची सरासरी काढा. दवाखान्यातल्या १४०/९० ला घरी मोजलेलं साधारण १३५/८५ जुळतं, म्हणून दोन्हींची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवा. १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. सोबत छातीत दुखणं, धाप, जीभ जड होणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळा पडणं, अंधुक दिसणं असेल तर फोनाफोनी नाही, थेट इस्पितळ.

अर्धा कप
ताई, एक शंका. रोज मोजावं का? काही जण दिवसातून आठदा आकडे टाकतात.

सांजवात
नाही. आकडा बघून धडधड, धडधडीने पुन्हा आकडा वर, असं चक्र लागतं. डॉक्टरांनी सांगितलं असेल त्या आठवड्यात रोज दोन वेळा, एरवी ते म्हणतील तेव्हा. आठदा मोजणाऱ्याच्या आकड्यांवर ग्रुपने चर्चाच करू नये. त्या दिवशी मूड विचारावा.

निळी शाई
शुगरबद्दल. यंत्रापेक्षा बोट जास्त चुकतं. आंबा चिरून, तसाच हात कपड्याला पुसून सुई टोचली तर यंत्र आंब्याची साखर मोजतं. साबणाने धुवा, पूर्ण कोरडा करा, ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. सुई बोटाच्या टोकाला नाही, बाजूला टोचा, कमी दुखतं. बोट जोराने पिळू नका. स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा. कोकणात, मुंबईत जुलैमध्ये उघड्या राहिलेल्या डबीवर विश्वास ठेवायचा नाही, दमट हवेने स्ट्रिप खराब होतात.

उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. जेवणानंतरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आणि "उपास" वेगळा, "उपाशीपोटी" वेगळं! एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन "उपास होता तरी १९०" असं लिहिणाऱ्यांनी खिचडीचाही उल्लेख करावा.

यंत्रात फरक पडतोच. चांगल्या यंत्रालाही प्रयोगशाळेच्या तुलनेत १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे चालतं. म्हणून काल १३२ आणि आज १४१ ही बातमी नाही.

७० च्या खाली आलं, घाम फुटला, हात थरथरतायत, तर ग्रुपवर लिहायच्या आधी तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर उशिरा चढते. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट रुग्णवाहिका, १०८.

परदेशी पाहुणा
ग्रुपमध्ये बाहेरची मंडळी असतील तर एकक लिहायला सांगा. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियातलं यंत्र ७ दाखवतं आणि पुण्यातले घाबरतात. त्या आकड्याला १८ ने गुणा, म्हणजे १२६. ताप तिकडे ३८, तो आपला १००.४.

वेळेचंही तसंच. पुण्यात सकाळचे ७ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. त्यामुळे "आज" कोणाचा ते कळत नाही. "आज" ऐवजी वार लिहा.

दोन चमचे
"आज"चं सोडा, "परवा"चं बघा. "परवा अँजिओग्राफी." झाली की व्हायचीय? मराठीत दोन्ही होतं. निम्मा ग्रुप शुभेच्छा देतो, निम्मा रिपोर्ट विचारतो. तारीख लिहा.

बोलून टाइप करणाऱ्यांनी पाठवण्याआधी आकडे वाचा. अडतीस आणि अठ्ठेचाळीस यांत फोन गडबडतो, माणसंही. वहीच्या पानाचा फोटो टाकत असाल तर घाईत लिहिलेला १ आणि ९ एकसारखे दिसतात.

खिडकीपाशी
व्हॉइस नोटबद्दल. चाळीस सेकंदांच्या आत. वर एका ओळीत विषय लिहा: "गुडघ्याबद्दल, घाई नाही." नुसती तीन मिनिटांची नोट आली की लोक "नंतर ऐकू" म्हणतात आणि राहून जातं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी लिहूनच.

आता उत्तरांकडे येतो, कारण खबर देणं सोपं आहे, घेणं अवघड.

"काळजी घे" हे उत्तर नाही, ती सही आहे. त्याऐवजी एक ठोस प्रश्न: "रात्री जेवलीस का?" "गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?" "दुपारी ४ ला फोन करू?" एका वेळी एकच. पाच जणांनी पाच प्रश्न विचारले तर ती उलटतपासणी होते. म्हणून १ किंवा २ आला की पहिल्या वाचणाऱ्याने "मी बोलतो" असं लिहायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. बोलणं झाल्यावर त्याने ग्रुपवर एवढंच लिहायचं: "बोललो, ठीक." आत काय झालं ते नाही.

"अगं, माझं तर याहून वाईट..." हे वाक्य टाइप झालं असेल तर खोडा. प्रसन्न राहायचे सुविचारही नकोत. मूड १ वर सूर्योदयाचा फोटो म्हणजे दुखऱ्या दातावर बर्फाचा गोळा.

कोणी "आता जगायचाच कंटाळा आलाय" असं लिहिलं तर थट्टेवारी नेऊ नका. लगेच फोन, आणि सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही, कोणीतरी प्रत्यक्ष पोचायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. जिवाला लगेच धोका दिसला तर ११२.

घाटमाथा
न लिहिणाऱ्याचंही ठरवून ठेवा. एक दिवस नाही लिहिलं तर खासगीत "काय रे" एवढंच. दुसऱ्या दिवशी फोन. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यांना किंवा घरच्यांना. त्यासाठी प्रत्येकाने एका शेजाऱ्याचा क्रमांक, त्याला विचारून, आधीच कोणा एकाकडे द्यायचा. ग्रुपवर "अमका कुठे गायब?" लिहू नका. तो नुसता वैतागून गप्प असेल तर आणखी गप्प होतो.

तिखटमीठ
छातीबद्दल एक ओळ माझीही. "छातीत भरून आलंय, घाम येतोय" याला "गॅसेस असतील, ओवा खा" हे उत्तर देणाऱ्याला ग्रुपमधून काढा. पहिला आणि एकमेव प्रश्न: "१०८ ला फोन झाला का?" महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा तोच क्रमांक. दुखणं जबड्याकडे, खांद्याकडे, डाव्या हाताकडे सरकलं की नाही हे टाइप करत बसायचं नाही. मधुमेह असलेल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना तर छातीत न दुखताही झटका येतो. नुसती धाप, नुसता अशक्तपणा.

रातराणी
गोपनीयतेबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

तब्येतीच्या ग्रुपवर डिसअपिअरिंग मेसेजेस (ठरल्या मुदतीने आपोआप पुसले जाणारे संदेश) ७ दिवसांवर ठेवा. आधीचे संदेश त्याने जात नाहीत, फक्त पुढचे जातात. मात्र मग आकड्यांची नोंद स्वतःच्या वहीत हवी. महिन्याने डॉक्टर विचारतात तेव्हा ग्रुप रिकामा असतो.

रिपोर्टचा फोटो टाकताना वरची पट्टी कापा: नाव, वय, नोंदणी क्रमांक, फोन, क्यूआर कोड. तो कोड स्कॅन केला की कित्येकदा अख्खा रिपोर्ट उघडतो. आणि आलेले फोटो फोन आपोआप गॅलरीत साठवत असेल तर ते बंद करा. नाहीतर मित्राच्या मुळव्याधीचं निदान लग्नाच्या फोटोंच्या मधोमध घरच्या टीव्हीवर झळकतं.

पाठवलेलं पंधरा मिनिटांत दुरुस्त करता येतं, सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवस मिळतात. पण स्क्रीनशॉट कोणी काढला ते कळत नाही. स्टेटस २४ तास राहतं आणि काही न बदलता टाकलं तर तुमच्या यादीतल्या सगळ्यांना दिसतं, त्यात घरमालक आला, साहेब आला, गॅसवाला आला. "आज काहीच नको वाटतंय" टाकण्याआधी "फक्त यांना दाखवा" मध्ये जाऊन सहा नावं निवडा.

अर्धा कप
माझ्याकडे चौथ्या खान्यासाठी युक्ती आहे, बारीक गोष्टीसाठी. "विशेष काही नाही" हे सगळ्यांचं ठरलेलं. त्यावर उपाय म्हणजे प्रश्न बदलणे: आज काय सांडलं? काय सापडलं? काय पहिल्यांदा शिजलं? "दूध उतू गेलं, ओटा दोनदा पुसला" हे वाचून माणूस डोळ्यासमोर येतो. "मजेत" वाचून येत नाही. फोटो टाकायचाच तर ओट्याचा टाका, गुलाबाचा नको.

चिमणचारा
सगळ्यांचे आभार, बरंच हाताशी आलं. एक राहिलं: रविवारी हजेरी ठेवायची का?

घाटमाथा
रविवारी सुट्टी. फक्त "उद्या सुट्टी" हे शनिवारच्या ओळीत प्रत्येकाने लिहायचं, नाहीतर सोमवारी सकाळी शेजाऱ्यांचे फोन वाजतात.